सिंगापूरचे दहा गुण

ईरा आणि ओम,

परवा व्हिडिओ कॉलवर ओमने विचारलं, "आजी, डिड सिंगापूर एव्हर विन?" मी "नाही" म्हटलं आणि तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. ते उत्तर बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि अपुरं उत्तर देऊन विषय मिटवणं माझ्या स्वभावात नाही. इकडे सिंगापुरात आमच्या मराठी मंडळाचे संपादक दिवाळी अंकासाठी 'नोकरीतल्या आठवणी द्या' म्हणून मागे लागलेच होते. तेव्हा हे उत्तर तुम्हा दोघांना. मंडळातल्या लोकांनी वाटलं तर तुमच्या खांद्यावरून डोकावून वाचावं. आई तुम्हाला हे मोठ्याने वाचून दाखवेल. ती मधेमधे गाळायला लागली तर सांगा, आजीने गाळण्यासारखं काही लिहिलेलं नाही.

आमच्या भागातल्या देशांची गाण्याची एक स्पर्धा असते. तिचं अधिकृत नाव घेईपर्यंत एक कडवं गाऊन होईल, म्हणून आपण तिला नुसतं 'स्पर्धा' म्हणू. प्रत्येक देश एक नवं गाणं पाठवतो. सगळी गाणी झाली की प्रत्येक देशाचे परीक्षक इतरांना गुण देतात. सर्वांत आवडलेल्या गाण्याला दहा, मग आठ, सहा, चार आणि दोन. बाकीच्यांना भोपळा. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत, हा एकच नियम सगळे देश पाळायचे, कारण तो मोडायची सोयच नव्हती.

मी सिंगापूरच्या परीक्षक मंडळाची सचिव होते. परीक्षक निवडायचे, त्यांना एका खोलीत बसवायचं, एकमेकांशी बोलू द्यायचं नाही, गुण एकत्र करून पाठवायचे, आणि स्पर्धेच्या संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर उभं राहून ते वाचायचे. हे शेवटचं काम इतर देशांत सिनेमातल्या नट्या करतात. आमच्या नियमावलीत 'परीक्षक मंडळाचा प्रतिनिधी' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ सचिव, असं कुणीतरी पहिल्या वर्षी ठरवलं, आणि एकदा लागलेला अर्थ बदलण्याचा धोका पुढे कुणी पत्करला नाही. त्यामुळे उघड्या पाठीच्या झगमगत्या झग्यांच्या रांगेत दरवर्षी एक इरकली साडी आणि चष्मा दिसायचा. तुमचे आजोबा म्हणायचे, "बाकीच्यांचा निकाल लागतो गं, आपलं परिपत्रक निघतं."

आता आमच्या पराभवांबद्दल. ते अपघाताने झालेले नव्हते. त्यांच्यावर मेहनत घेतलेली होती.

आमच्याकडे गाणं निवडायला समिती होती. पहिल्या वर्षी समितीने ठरवलं की देशाच्या चार भाषा आहेत, तर गाण्यात चारही हव्यात, आणि समान हव्यात. संगीतकार बिचारा तरुण होता. तो म्हणाला, "सर, तमिळ ओळ या चालीत बसत नाही."

"मग चाल बदला," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"चाल बदलली तर चिनी ओळ बसत नाही."

"मग ज्यात कुणाचीच ओळ बसत नाही अशी चाल करा. तक्रार येणार नाही."

त्याने तशी केली. तक्रार आली नाही. गुणही आले नाहीत.

पुढच्या एका वर्षी प्रेमगीत होतं. समितीला ते आवडलं, पण त्यात नायिका पावसात भिजत उभी राहते आणि तिच्याजवळ छत्री नसते, यावर चर्चा झाली. यातून काय संदेश जाईल? शेवटी तिला छत्री दिली. छत्री दिल्यावर ती तिथे का थांबलीय हे कुणालाच समजेना. आणखी एका वर्षी गायक ऐन सक्तीच्या लष्करी सेवेतला होता. सुट्टी मिळाली, पण केस कुठून आणायचे? गाणं विरहाने वेड्या झालेल्या माणसाचं होतं आणि गात होता ताज्या हजामतीचा, ताठ उभा राहणारा मुलगा. त्याचा विरह सुद्धा वरिष्ठांच्या परवानगीने चाललाय असं वाटत होतं.

प्रत्येक पराभवानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. बेडोक भागातल्या एक आंटी होत्या, बोलणं अस्सल इथलं: वाक्याला 'लाह'ची शेपटी आणि 'चालेल का?' ऐवजी नुसतं 'कॅन?'. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण आमचं नातं पुष्कळ वर्षांचं होतं.

"हॅलो, तुम्ही त्या साडीवाल्या का?"

"हो, बोला."

"आपलं गाणं का असं, हं? कोरस कुठे गेला? मी भाजी चिरत ऐकत होते. भाजी संपली, गाणं संपलं, कोरस आलाच नाही!"

"आपला अभिप्राय नोंदवते, मॅडम."

"दरवर्षी नोंदवता लाह. नोंदवून कुठे ठेवता?"

याचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

गाणी माझ्या हातात नव्हती. परीक्षक मात्र माझ्या हातात होते आणि त्यांचा मला अभिमान होता. इतर देशांचा हिशेब साधा असे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शेजारी शेजाऱ्याला दहा देई आणि ज्याचं गाणं खरंच चांगलं, म्हणजे ज्याच्यापासून धोका, त्याला भोपळा. एका देशाचे सचिव मला सुरुवातीला फोन करायचे. आवाज अगदी मधाळ. "मिसेस कर्णिक, तुम्ही आम्हाला दहा, आम्ही तुम्हाला दहा. भाऊबहीण!" मी त्यांना पहिल्या वर्षी नियमावलीची प्रत पाठवली. दुसऱ्या वर्षी महत्त्वाच्या ओळी रंगवून पाठवली. तिसऱ्या वर्षापासून फोन बंद झाला आणि त्यांच्याकडून आम्हाला येणारे दोन गुणही.

आमची खोली वेगळी होती. बिनखिडक्यांची. आत येताना फोन बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. प्रत्येकाला वेगळं टेबल आणि बार्लीचं पाणी. मी दरवर्षी एकच वाक्य सांगायचे: "सिंगापूर या स्पर्धेत नाही असं समजून ऐका." माणसं संगीतातलीच नसत. आमचे टॅन अंकल टॅक्सी चालवायचे. मिसेस राजम शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. एक दाताचे डॉक्टर होते, ते गाण्यापेक्षा गायकांच्या तोंडाकडेच जास्त बघत. पण बाहेर पडताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर, आपण एक नीट काम नीट केलं, असा भाव असायचा. तुम्ही हसाल, पण या शहरात तो भाव म्हणजेच आमचा राष्ट्रीय पोशाख.

आता त्या वर्षाची गोष्ट.

त्या वर्षी समितीची पुनर्रचना चालू होती. जुनी समिती बरखास्त झाली होती आणि नवी नेमण्यासाठी जी समिती हवी, ती अजून नेमायची होती. त्यामुळे आलेल्या गाण्यांतलं एक गाणं कुणीही न सुधारता तसंच पुढे गेलं. ते शिकिनचं होतं. ती सेम्बावांगची मलय मुलगी, सेरंगूनच्या मॉलमधल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. गाणं तिने स्वतः लिहिलं होतं. एकाच भाषेत! तिचे वडील जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत कामाला होते. लहानपणी ती संध्याकाळी गोदीच्या फाटकाशी त्यांची वाट बघायची, आणि बाहेर पडणारे सगळे कामगार एकाच रंगाच्या कपड्यांत, एकसारखे काळवंडलेले, त्यामुळे ती वडिलांना चेहऱ्याने नाही, चालीवरून ओळखायची. एवढंच गाणं. वडील आता नव्हते. हे गाण्यात नव्हतं, पण ऐकताना कळायचं.

स्पर्धेचे नियम गायकाला आणि घरच्यांना समजावून सांगणं हेही माझंच काम. शिकिन आईला घेऊन आली. मॅडम रोहानींनी आयुष्यभर गोदीच्या स्टोअरमध्ये काम केलेलं. सही केल्याशिवाय एक खिळा बाहेर न सोडणारी बाई. मला त्या पाहताक्षणी आवडल्या.

"बक्षीस काय?" त्यांनी विचारलं.

"पहिलं आलं तर अख्खा अल्बम आणि सगळ्या देशांत कार्यक्रम."

"आणि दुसरं आलं तर?"

"काचेची फुलदाणी."

त्यांनी लेकीकडे बघितलं. "ऐक. मी एक वर्ष दिलंय. काही झालं तर झालं. नाही झालं तर नर्सिंगच्या कोर्सला जायचं. सीट आहे, फॉर्म आलाय. नंतर रडायचं नाही."

"आई, इथे नको ना," शिकिन पुटपुटली.

"इथेच. या मॅडम नियमांच्या आहेत. साक्षीदार बऱ्या."

मी तटस्थ राहायला हवं होतं. मी फक्त मान हलवली. मान हलवणं नियमात बसतं.

स्पर्धा दुसऱ्या देशात असते; परीक्षक आपापल्या देशात बसून आदल्या दिवशीची रंगीत तालीम पडद्यावर बघून गुण देतात, म्हणजे स्पर्धेच्या संध्याकाळी गोंधळ होत नाही. त्या वर्षी शिकिनचं गाणं आलं तेव्हा मी परीक्षकांना ठरल्याप्रमाणे बाहेर नेलं. आपल्या देशाचं गाणं त्यांनी ऐकायचंच नाही, ही माझी स्वतःची सुधारणा. इतर कुठल्याही देशात ही पद्धत नव्हती. इतर देशांच्या सचिवांनी हे ऐकल्यावर बरीच वर्षं माझी चेष्टा केली होती.

मग मंगोलियाचं गाणं आलं. साधारण पन्नाशीचा, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस, हातात घोड्याच्या डोक्याची नक्षी असलेलं दोन तारांचं वाद्य. त्याने गळ्यातून एक सूर काढला आणि त्याच्यावर दुसरा, एकाच वेळी. शब्द कुणालाच कळत नव्हते. गाणं संपलं तेव्हा मिसेस राजमनी चष्मा काढून ठेवला होता. डॉक्टर पहिल्यांदाच दातांकडे न बघता बसले होते. टॅन अंकलनी हात वर केला.

"मॅडम, बोलायची परवानगी नाही, आय नो. पण हे बघा." आणि त्यांनी शर्टाची बाही सरकवून दंडावर उभे राहिलेले केस दाखवले.

"बाही खाली करा, अंकल," मी म्हटलं. "इतरांवर प्रभाव पडतो."

सिंगापूरचे दहा मंगोलियाला गेले. आठ श्रीलंकेला. मी गुण पाकिटात घातले, एक प्रत स्पर्धेच्या निरीक्षकांकडे पाठवली आणि घरी जाऊन शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल वाचायच्या क्रमाची चिठ्ठी निघाली. आमचा नंबर शेवटचा. नियमाप्रमाणे परीक्षकही माझ्यामागे स्टुडिओत बसले होते. समोरच्या पडद्यावर इतर देशांचे झगमगते झगे गुण वाचत होते आणि एक अघटित घडत होतं. सिंगापूर, दहा. सिंगापूर, आठ. सिंगापूर, दहा! ज्यांच्याशी भाऊबहीण व्हायला मी नकार दिला होता, त्यांनी सुद्धा सहा दिले. पडद्याच्या कोपऱ्यात शिकिन हातातली छोटी झेंडी गच्च धरून बसली होती.

फक्त आम्ही उरलो तेव्हा सिंगापूर पहिलं होतं, आणि मागे आठ गुणांनी मंगोलिया.

हिशेब मोठा नव्हता. मी पाकिटातले दहा वाचले की मंगोलिया दोन गुणांनी पुढे. आठ असते तर बरोबरी, सहा असते तर शिकिन जिंकली असती.

आमच्या कार्यालयाचे प्रमुख मिस्टर लिम माझ्या कानाशी आले. अत्यंत सज्जन माणूस. त्या दिवशी घामाने निथळत होता. "मिसेस कर्णिक, पाकिटात काय आहे ते मला सांगू नका."

"नाही सांगत."

"चेहऱ्यावरून कळलं." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "नियमात आहे ना, बेरजेत चूक झाली असं सचिवाने लिहून दिलं, तर वाचण्याआधी दुरुस्ती करता येते?"

"आहे. मीच लिहिलंय."

"मग?"

"मिस्टर लिम, चूक कुठेय?"

"शोधता येईल?" ते अगदी केविलवाण्या सुरात म्हणाले.

मागे परीक्षकांच्या डोक्यातही उजेड पडला होता. टॅन अंकल उठले. "मॅडम, मला बदलायचंय. माझे बदला. माझ्यामुळे पोरगी हरेल लाह! मी टॅक्सीत काय सांगू लोकांना?"

"अंकल, काल केस उभे राहिले ते खोटं होतं का?"

त्यांनी दंडाकडे बघितलं. "नाही. ते खरं होतं." मग वैतागून म्हणाले, "तोच तर प्रॉब्लेम आहे!"

मिसेस राजम खुर्चीतूनच म्हणाल्या, "बसा हो. कालचा कान आज कसा बदलणार? मी शाळेत मुख्याध्यापकांच्या मुलीलाही बेसूर म्हटलेलं आहे. बदली झाली माझी." आणि मग हळूच, "पण मिसेस कर्णिक, ते सूर निदान जरा कमी तरी लागायला हवे होते त्याचे."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

मी नेहमीप्रमाणे खालून वर वाचलं. दोन, चार, सहा. मंगोलियाचं नाव येत नव्हतं. "आठ गुण, श्रीलंका." तिकडे सभागृहात सिंगापूरचे लोक नाचायला लागले, त्यांना वाटलं, मंगोलिया आमच्या यादीत नाहीच. कोपऱ्यातली शिकिन मात्र नाचत नव्हती. ती विंगेत उभी राहून त्या माणसाचं गाणं ऐकून आलेली होती. ती थेट माझ्याकडे बघत होती, म्हणजे कॅमेऱ्याकडे, आणि तिला माहीत होतं.

"दहा गुण," मी म्हटलं, "मंगोलिया."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. त्या स्पर्धेच्या इतिहासात स्वतःला स्वतःच्या हातांनी हरवणारा देश आमच्याशिवाय दुसरा नाही. कुठल्याच देशाच्या मनात ते करण्याचा विचार आलेला नव्हता.

पुढचे दोन दिवस देशात मोठा वाद झाला. एक गट म्हणाला, मूर्खपणा. दुसरा म्हणाला, हाच आपला बाणा. तिसऱ्याने इरकली साडी कुठे मिळते ते विचारलं. आमच्या कार्यालयाने आठवड्याच्या आत पराभवाचं रूपांतर प्रशिक्षणात केलं. नव्या कर्मचाऱ्यांना सचोटी शिकवताना माझा चेहरा पडद्यावर दाखवू लागले, खाली प्रश्न: 'या अधिकाऱ्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?' मी ऐकलंय, बहुतेक जण वर्गात बरोबर उत्तर देत आणि जेवणाच्या सुट्टीत खरं उत्तर देत. बेडोकच्या आंटींचा फोन आला तेव्हा मी तयार होते.

"साडीवाली?"

"हो."

"गाणं चांगलं होतं. मी भाजी चिरायची थांबले." आणि फोन ठेवला. शिव्या परवडल्या असत्या.

पण हे सगळं देशाचं झालं. देश फुलदाणी घेऊन कामाला लागतो. शिकिनचं एक वर्ष संपलं होतं. कोर्सचा फॉर्म तिच्या आईच्या पर्समध्ये होता, आणि तो तिथे मी घातल्यासारखंच होतं. मी काही चुकीचं केलं नव्हतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच वाचीन. तरीसुद्धा मला दोन दिवस जेवण जाईना, आणि बरोबर वागल्यावर जेवण का जात नाही, हे कुठल्याच नियमावलीत दिलेलं नव्हतं.

ती परतली त्या दिवशी मी चांगी विमानतळावर गेले. कार्यालयाने मिस्टर लिमना पाठवलं होतं. मी माझी रजा टाकून गेले, ऑर्किडचा गुच्छ घेऊन. मॅडम रोहानी आधीच कठड्याशी उभ्या होत्या. आम्ही एकमेकींना नमस्कार केला आणि दाराकडे बघत उभ्या राहिलो.

शिकिन बाहेर आली. पाठीवर गिटार, हातात बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फुलदाणी. आईच्या गळ्यात पडली. मिस्टर लिमशी हात मिळवला. मी पुढे केलेला गुच्छ तिने घेतला, पण मान वर केली नाही. मी तिला दोष देत नाही. मीही केली नसती.

मग मॅडम रोहानी माझ्याकडे वळल्या. "मिसेस कर्णिक, तुम्ही नियमांच्या. त्या दिवशी तुमच्यासमोर मी बोलले होते. काही झालं तर झालं, नाही झालं तर कोर्स. बरोबर?"

"बरोबर."

"आता सांगा. दुसरा नंबर म्हणजे काही झालं, की काही नाही झालं?"

"आई!" शिकिन म्हणाली.

"तू गप. नियम मी केला, पण अर्थ लावायला मी एकटी नको. घरचा माणूस आपल्या बाजूने लावतो."

मिस्टर लिम छताकडे बघायला लागले. मी गुच्छ दिल्यामुळे माझे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं. खरं म्हणजे उत्तर अवघड नव्हतं. अल्बम नाही, कार्यक्रम नाहीत, फुलदाणी आहे. कुठल्याही समितीने दोन मिनिटांत निकाल दिला असता.

"नियमाचा अर्थ स्पष्ट नसेल," मी म्हटलं, "तर तो स्पर्धकाच्या बाजूने लावायचा असतो."

"हे लिहिलेलं आहे?"

"आहे."

नव्हतं. सबंध नोकरीत मी उभ्याउभ्या रचलेलं ते एकच कलम.

मॅडम रोहानींनी माझ्याकडे निरखून बघितलं. आयुष्यभर स्टोअरच्या खिडकीत बसून त्यांनी पुष्कळ लोकांचे चेहरे वाचलेले होते. "कलम नंबर?"

"ते गोपनीय असतं," मी म्हटलं.

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "गोपनीय असेल तर माझ्याने काय होणार," त्या म्हणाल्या आणि लेकीच्या हातातली फुलदाणी काढून घेतली. "आणखी एक वर्ष. गिटार नीट धर, दारावर आपटेल."

शिकिनने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. डोळे सुजलेले होते. "मिसेस कर्णिक," ती म्हणाली, "नेक्स्ट टाइम यू डोंट रीड, कॅन?"

"कॅन," मी म्हटलं.